नाव

वूच. या शहराच्या नावाचा अर्थच नाव.
वल्ह्यांची, पाण्यावरची.
आणि गावात नदी दिसत नाही कुठे.
होती ती गिरण्यांनी विटांच्या बोगद्यात घातली,
वर फरसबंदी, ट्रामचे रूळ, थांब्यावरचं बाकडं.

बोग्ना म्हणाली, बास, इथूनच धरू.
पाणी गेलं आणि नाव राहिलं,
म्हणजे कुठेतरी मुरत असणार.

रात्रपाळीला, औषधांच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात
ती नियम लिहिते, पावत्यांच्या कोऱ्या पाठींवर.
एक: रक्त पिणारे नकोत. फार झाले ते.
आपल्याकडचे रंग पितात.
रंगखात्याचं पाणी सोमवारी तांबडं वाहायचं, मंगळवारी निळं,
तेच पिऊन पोसलेलं खाली जे काही आहे, ते
पहाटे गटाराच्या जाळीतून जीभ काढतं,
तुमच्या मफलरीचा निळा चाटून नेतं.
मफलर घरी येते राखाडी,
आणि तुम्हाला एका माणसाचं नाव आठवत नाही.

दोन: नगरपालिकेला सगळं ठाऊक आहे.
पाणीपट्टीच्या बिलात तळाशी एक ओळ असते, वाचता न येणारी.
सगळे भरतात.

तीन:
(खोकल्याचं औषध मागत कुणी आलं. तीन राहिलं.)

शुक्रवारी चौथ्या मजल्यावर टेबल.
इरेनेउश खरा ट्रामचालक, खेळात मात्र हट्टाने चोर.
दोब्रवा लोकांच्या कवळ्या बनवते,
तिने आपल्या पात्राला एकही दात ठेवला नाही.
कायेतान वीस बाजूंचा फासा मुठीत धरून असा फुंकतो
जसा काही गरम चहा.

तिसऱ्या शुक्रवारी दार वाजलं. खालच्या हाल्श्काबाई.
ऐकू काही आलं नव्हतं त्यांना;
मागखात्यातल्या एकतीस वर्षांनी कान केव्हाच नेले.
"तुम्ही वर काहीतरी टाकता, आणि माझा दिवा हलतो."
भांडायलाच आल्या होत्या. नकाशा दिसला.
चष्मा कपाळावरून खाली घेतला.
"नदी इथे नाही. धोबीखान्याखालून जाते.
तिथल्या दगडांवर बर्फ टिकायचा नाही."
आणि खुर्ची ओढली.

मागांच्या खडखडाटात बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या,
अख्खी पाळी, सोयरिकी, शिव्या, मुकादमाच्या नकला,
हे त्यांनी जाता जाता सांगितलं, बिस्किट बुडवताना.
बोग्नाने पेन्सिल खाली ठेवली. मग उचलली.
तीन: आमच्या भुतांना आवाज नाही.
ज्यांनी मागावर कान घालवले
त्यांनाच ती कळतात.

हा अन्याय आहे, कायेतान म्हणाला. बाकीच्यांनी काय करायचं?
बाकीच्यांनी विचारायचं.

काल पोचले सगळे. विटांचा बोगदा, गुडघाभर पाणी,
कुठल्या वाराचं ते अंधारात कळेना.
समोर एक बाई. किंवा बाईच्या उंचीचा निळा.
हाल्श्काबाईंनी फासा टाकला, तो गडगडत टेबलाबाहेर गेला.
काय म्हणते ती? बोग्नाने विचारलं.
उत्तर तिच्याच हातातल्या पावतीवर होतं, तीन ओळींचं.

हाल्श्काबाईंचे ओठ हलू लागले.
आवाज न करता. बराच वेळ.
मधेच हसल्या, मधेच मान हलवली, नाही, नाही,
मग बोटांनी हवेतला एक तुटका धागा जोडला
आणि पुन्हा बोलत राहिल्या.
टेबलाभोवती कुणाला एक अक्षर लागलं नाही.
बोग्नाने पावतीची घडी घातली, बशीखाली सरकवली.

किती पडले? कायेतानला राहवेना.
इरेनेउश केव्हाचा टेबलाखाली होता.
थांब, तिथून आवाज आला,
इथे ओल आहे.

चौथ्या मजल्यावर.
चोर बोलला की ट्रामचालक,
कुणी विचारलं नाही.